चौसोपी मशीद: इस्फहानच्या जामे मशिदीतली एक सकाळ

इराणमधल्या इस्फहानला नेणाऱ्या बहुतेक सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत तिथली जुनी जामे मशीद असते खरी, पण ती शेवटच्या ओळीत असते आणि तिच्यापुढे 'वेळ उरल्यास' असे लिहिलेले असते. 2018 च्या ऑक्टोबरात आमच्या सहलीत वेळ उरला तो चाळीस मिनिटांचा. त्यातली दहा मिनिटे माणसे मोजण्यात, दहा चौकातल्या सामूहिक छायाचित्रात आणि उरलेली वीस 'ही मशीद फार जुनी आहे' या एकाच वाक्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या ऐकण्यात गेली. सहल कंपनीचे नाव घेत नाही, कारण बाकीचे दिवस तिने चोख सांभाळले. मात्र त्या चाळीस मिनिटांत विटांच्या एका चौकोनी खांबातून अर्धवट बाहेर डोकावणारा दुसराच एक गोल खांब मला दिसला होता, आणि तो तिथे का आहे हे सांगायला कोणी नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी मंडळी कारंज्यांच्या बागा पाहायला गेली तेव्हा मी मागे राहिलो, हॉटेलच्या ओळखीने एक स्थानिक मार्गदर्शक घेतला आणि अर्धा दिवस त्या एकाच वास्तूत काढला. हे परीक्षण त्या अर्ध्या दिवसाच्या फेरीचे आहे. पण फेरी कशी झाली हे ती जिच्यासाठी केली तिच्याविषयी बोलल्याशिवाय सांगता येत नाही, त्यामुळे यात मार्गदर्शकापेक्षा मशीदच जास्त येईल.

मार्गदर्शकाने पहिली गोष्ट चांगली केली ती म्हणजे त्याने मला मशिदीपुढे उभे केले नाही, कारण या मशिदीला 'पुढे' असे काही नाहीच. नक्श-ए-जहान चौकातली शाही मशीद, जी सफवी बादशहा शाह अब्बासने 1611 च्या सुमारास सुरू केली, ती चौकात पाऊल ठेवताच आपला निळा दर्शनी भाग घेऊन समोर येते. जुन्या जामे मशिदीकडे तसा दर्शनी भाग नाही. ती बाजारात रुतलेली आहे. तिच्या भिंतींना दुकाने, गल्ल्या आणि घरे टेकलेली आहेत, आणि वेगवेगळ्या शतकांतले वेगवेगळे दरवाजे वेगवेगळ्या गल्ल्यांत उघडतात. आम्ही बाजाराच्या छताखालून चालत गेलो, तांब्याची भांडी आणि मसाल्यांची दुकाने मागे पडली, एका साध्या दारातून आत वळलो, अंधारा बोळ ओलांडला आणि एकदम उजेडाने भरलेल्या प्रशस्त चौकात आलो. हा चौक अंदाजे 60 बाय 70 मीटरचा आहे, आणि सगळी मशीद मिळून 20,000 चौरस मीटरांहून अधिक जागा व्यापते. पण बाहेरच्या गल्लीतून तिचा हा आकार कुणाच्या ध्यानात येणार नाही.

चौकाच्या चारही बाजूंच्या मध्यावर एकेक प्रचंड कमानीचा, समोरून पूर्ण उघडा, मागे भिंत असलेला दालनवजा भाग आहे. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत त्याला इवान म्हणतात, पण इस्फहानचे लोक त्याला 'सोफ्फे' म्हणतात, आणि मार्गदर्शकाच्या तोंडून तो शब्द ऐकला तेव्हा मी त्याला तो पुन्हा उच्चारायला लावला. अरबीतला 'सुफ्फा', फारसीतला 'सोफ्फे' आणि आपल्या वाड्यातला 'सोपा' हे एकाच घराण्यातले शब्द मानले जातात. चौकाभोवती चारी बाजूंना सोपे असलेल्या घराला आपण चौसोपी वाडा म्हणतो. इथे चारी बाजूंना सोफ्फे असलेली मशीद आहे. आपला वाडा या मशिदीवरून आला असे मला मुळीच म्हणायचे नाही. दोन्हींचा हेतू वेगळा, माप वेगळे, हवामानही वेगळे. पण 'चार इवानांची योजना' या कोरड्या संज्ञेने जे डोळ्यांसमोर उभे राहत नव्हते ते 'चौसोपी' या एका शब्दाने उभे राहिले: मधले आभाळ, त्याच्याकडे तोंड करून बसलेल्या चार बाजू, आणि घराचे सगळे लक्ष बाहेर नसून आत.

या चार सोप्यांची नावे तर मराठी माणसाला भाषांतराशिवाय कळावीत. दक्षिणेचा, म्हणजे किब्ल्याच्या (नमाजात तोंड करायच्या मक्केच्या दिशेच्या) बाजूचा, तो साहेबांचा, उत्तरेचा दरवेशांचा, पश्चिमेचा उस्तादांचा आणि पूर्वेचा शागिर्दांचा. गुरू आणि शिष्य चौकाच्या दोन टोकांना समोरासमोर बसलेले आहेत ही कल्पनाच मला फार आवडली. मार्गदर्शकाने इथे घाई केली नाही. त्याने मला आधी शागिर्दाकडे नेले, कारण त्याच्या मते तिथे सजावट कमी असल्यामुळे बांधणी उघडी दिसते. आणि ते खरेच होते. पूर्वेच्या सोप्यात बहुतांशी साध्या, न झिलईलेल्या विटाच आहेत, आणि छताखालची मुकर्नस, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एकावर एक पुढे येत जाणारी लहान कोनाड्यांची रचना, मोठ्या आणि ठसठशीत मापाची आहे. पश्चिमेला उस्तादांकडे गेल्यावर त्याच घडणीवर निळ्या-पांढऱ्या फरश्यांचा आणि कोनदार कूफी अक्षरांचा साज चढलेला दिसतो. तो बराचसा सफवी काळातला आहे. शिष्याकडे मुद्दा कळतो आणि गुरूकडे त्याचा विस्तार दिसतो, असे मी तेव्हा वहीत लिहिले, जरी बांधणाऱ्यांच्या मनात असे काही असेल असे मला वाटत नाही.

आता तो अर्धवट डोकावणारा गोल खांब. त्याच्यापर्यंत पोहोचायला मार्गदर्शकाने पाऊण तास घेतला आणि तो पाऊण तास मला या फेरीचा सर्वांत मोलाचा भाग वाटला. या जागेवर आठव्या शतकात, अब्बासी खलिफांच्या आरंभीच्या काळात, एक लहान मशीद होती. इटालियन पुरातत्त्वज्ञांनी 1970 च्या दशकात इथे केलेल्या उत्खननात तिचे अवशेष सापडले आणि तिची किब्ल्याची भिंत आजच्या दिशेपेक्षा बरीच वळलेली होती हेही दिसून आले. नवव्या शतकात, इसवी सन 840 च्या सुमारास, ती पाडून कितीतरी मोठी मशीद बांधली गेली: मधे आयताकृती चौक, भोवती कच्च्या-पक्क्या विटांच्या खांबांच्या रांगा आणि त्यांवर सपाट छत, अरब प्रदेशांत रूढ असलेल्या पद्धतीची. दहाव्या शतकात इस्फहान बुवैही घराण्याकडे होते, आणि त्या काळात चौकाच्या कडेने खांबांची आणखी एक रांग वाढवली गेली. या रांगेतल्या खांबांवर लहान लहान विटा वेगवेगळ्या कोनांत बसवून भूमितीची नक्षी काढलेली आहे. रंग नाही, गिलावा नाही, फक्त विटेची सावली. पुढे छताऐवजी घुमट आले आणि भार वाढला, तेव्हा जुन्या खांबांना बाहेरून नव्या विटांचे जाड अस्तर घालण्यात आले. त्या अस्तराखाली बुवैही खांब जवळपास नऊशे वर्षे झाकून होते, आणि विसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारात काही ठिकाणी ते मुद्दाम उघडे ठेवले गेले. मी पाहिला तो त्यांतलाच एक. मार्गदर्शकाने खिशातून लहान विजेरी काढली, तिरपा उजेड खांबावर टाकला, आणि सपाट वाटणारी ती नक्षी एकदम वर उठून आली.

खांबांच्या या जंगलात आम्ही बराच वेळ हिंडलो. मूळचे सपाट छत जाऊन आता चार-चार खांबांच्या प्रत्येक खणावर एकेक लहान घुमटी आहे. अशा घुमट्या चारशेंहून अधिक आहेत, आणि पाहावे तिथे विटा रचायची रीत बदललेली दिसते. कुठे विटा चक्राकार फिरतात, कुठे चटईच्या विणीसारख्या जातात, कुठे आठ पाकळ्या होऊन मधल्या झरोक्यापाशी मिटतात. गवंड्यांनी इथे एकमेकांशी पैज लावली असावी असे वाटत राहते. आदल्या दिवशीच्या चाळीस मिनिटांत आम्हांला छताकडे पाहायला कुणी सांगितलेही नव्हते, हे इथे नमूद केले पाहिजे.

दक्षिणेच्या साहेबांच्या सोप्यामागे या मशिदीतला मोठा घुमट आहे, आणि इथून कथेत राजकारण शिरते. तुघ्रिल बेगने 1051 मध्ये इस्फहान घेतले आणि ते सेल्जुक साम्राज्याची राजधानी झाले. त्याच्या मागून आलेल्या मलिकशाहच्या काळात, 1072 ते 1092 या वीस वर्षांत, हे साम्राज्य मध्य आशियापासून भूमध्य समुद्रापर्यंत पसरलेले होते, आणि त्याचा कारभार निजाम-उल-मुल्क या वजिराच्या हाती होता. 1086-87 मध्ये त्याने मिहराबापुढचे, म्हणजे किब्ल्याच्या भिंतीतल्या कोनाड्यापुढचे, जुने खांब काढून त्या जागी जवळपास 15 मीटर व्यासाचा घुमट उभारला. घुमटाखालच्या पट्टीवर विटांच्याच अक्षरांत मलिकशाहचे आणि त्याचे नाव आहे. त्या काळच्या इराणात एवढा मोठा घुमट विरळाच होता, आणि बांधणाऱ्यांना त्याची धास्ती वाटली असावी, कारण त्याला पेलणारे खांब इतके जाड आहेत की खाली उभ्या असलेल्या माणसाला मोकळ्या जागेपेक्षा विटाच जास्त दिसतात. दालन भव्य आहे, पण त्याच्यात थोडा अवघडलेपणा आहे. पहिल्यांदाच मोठी जबाबदारी अंगावर पडलेल्या माणसासारखा. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा म्हणजे कोपऱ्यांचे काय करायचे हा जुना प्रश्न, आणि इस्लामपूर्व सासानी काळापासून इराणी गवंडी कोपऱ्यात आडवी कमान टाकून तो सोडवत आले होते. इथे त्या एका कमानीचे तीन भाग केलेले आहेत, मधे एक लहान कमान आणि दोन बाजूंना दोन अर्धी दले, ज्यामुळे भार एका जागी न कोसळता पसरून खाली येतो. पुढच्या शतकांतली मुकर्नसाची सगळी करामत या साध्या विभागणीतून वाढत गेली असे मार्गदर्शक म्हणाला, आणि ते मला पटले.

निजाम-उल-मुल्कचा दरबारात एक प्रतिस्पर्धी होता, ताज-उल-मुल्क. मलिकशाहची राणी तेरकेन खातून हिच्या मर्जीतला हा माणूस. त्याने दोनच वर्षांनी, 1088-89 मध्ये, मशिदीच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेच्या बाजूला त्याच अक्षावर आपला घुमट बांधला. त्या वेळी तो बहुधा मशिदीच्या बाहेर, सुटा उभा होता, आणि तो नेमका कशासाठी होता याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी तो सुलतानाच्या आगमनाच्या समारंभासाठी मानतात, कोणी राणीच्या वापरासाठी. त्याला गुंबद-ए-खाकी म्हणतात, मातकट घुमट. नाव अगदी योग्य आहे, कारण आत मातीच्या रंगाखेरीज दुसरा रंग नाही.

या खोलीविषयी मी संयम राखून लिहायचे ठरवले होते, पण ते जमेल असे वाटत नाही. व्यास जेमतेम 10 मीटर, उंची 20 मीटरच्या आसपास. म्हणजे दक्षिणेच्या घुमटापेक्षा बराच लहान. पण दक्षिणेला जे अवघडले होते ते इथे मोकळे झालेले आहे. जमिनीपासून निघालेल्या बारीक, उभ्या विटांच्या खांबिका वर जातात, त्यांच्यातून खालच्या कमानी फुटतात. त्यांच्यावर कोपऱ्यांतल्या त्याच तीन दलांच्या कमानी येतात आणि चौकोनाचा अष्टकोन होतो. त्यावर सोळा लहान कमानी येतात आणि अष्टकोन सोळा बाजूंचा होतो. आणि मग, कुठे झाले ते नीट कळायच्या आत, ते वर्तुळ झालेले असते. खालची प्रत्येक रेघ वर कुठे जाते ते डोळ्यांनी धरता येते. एकही रेघ मधेच सोडून दिलेली नाही. घुमटाच्या आतल्या पृष्ठभागावर विटांच्या जोडपट्ट्या एकमेकींना छेदत जातात आणि त्यांतून पाच कोनांची तारकाकृती तयार होते. चौकोन, अष्टकोन, सोळा बाजू अशी दुपटीने चढत आलेली खोली शेवटी पाचावर जाऊन थांबते हे मला तिथे उभे राहून लक्षात आले नव्हते. मार्गदर्शकाने जमिनीवर खडूने एक वर्तुळ काढून त्याचे पाच सारखे भाग करायला सांगितले, आणि मला ते जमले नाही तेव्हा कुठे त्या गवंड्याची करामत कळली. (निघताना त्याने ते वर्तुळ रुमालाने पुसून टाकले.)

दोन्ही वजिरांचा शेवट घुमटांइतका डौलदार झाला नाही. ऑक्टोबर 1092 मध्ये निजाम-उल-मुल्कचा प्रवासात खून झाला, आणि संशयितांत ताज-उल-मुल्कचेही नाव घेतले गेले. पुढच्याच महिन्यात मलिकशाह वारला. 1093 मध्ये निजामाच्या माणसांनी ताज-उल-मुल्कला ठार केले. घुमट उभे राहून चार-सहा वर्षेच झाली होती.

इथेच माझी मार्गदर्शकाविषयी पहिली तक्रार आहे. उत्तरेचा घुमट उमर खय्यामने आखला असे त्याने मला ठणकावून सांगितले. खय्याम त्या काळात इस्फहानमध्ये होता, मलिकशाहच्या वेधशाळेत काम करत होता आणि 1079 मध्ये अमलात आलेल्या जलाली पंचांगाच्या सुधारणेत त्याचा हात होता, हे सगळे खरे आहे. एवढा मोठा गणिती गावात असताना एवढी अचूक भूमिती कोणाच्या डोक्यातून आली असेल, हा तर्क आधुनिक अभ्यासकांनीही केलेला आहे. पण तो तर्कच आहे. भिंतीवर ताज-उल-मुल्कचे नाव आहे, खय्यामचे नाही. जो माणूस विटेच्या सांध्यावरून शतक ओळखून दाखवतो त्याने ऐकीव गोष्टीला पुराव्याच्या शेजारी बसवू नये अशी माझी अपेक्षा होती. मी तसे विचारल्यावर तो हसला आणि म्हणाला की प्रवाशांना नाव लागते. याच्याशी वाद घालणे कठीण आहे.

1121-22 मध्ये मशिदीला आग लागली. ती बातिनी पंथाच्या (शियांमधल्या इस्माइली शाखेच्या) लोकांनी लावली असे मध्ययुगीन इतिहासकार इब्न अल-असीर लिहितो, आणि ईशान्येकडच्या एका दरवाज्यावरच्या लेखात आगीनंतरच्या पुनर्बांधणीचा उल्लेख त्याच वर्षाच्या नोंदीसह आहे. बाराव्या शतकातल्या फेरबदलांत जुन्या खांबांच्या रांगा मधोमध तोडून चार इवान घातले गेले आणि सुटे उभे असलेले दोन्ही घुमट एकाच आखणीत आले. म्हणजे चौसोपी मशीद ही कोणी एका कागदावर काढून बांधलेली नव्हती. ती जुन्या घरात भिंती पाडून, वाढवून, जोडून झालेली होती. पण एकदा ती झाल्यावर तिचा नमुना झाला. इस्फहानच्या ईशान्येला वाळवंटाच्या कडेवर जवारे नावाचे गाव आहे. तिथली 1135-36 मधली मशीद आरंभापासूनच चार इवानांची म्हणून बांधलेली आहे, आणि त्यानंतर इराण व मध्य आशियात मशिदी, मदरसे आणि सराया याच आखणीवर उभ्या राहत गेल्या. युनेस्कोने 2012 मध्ये या मशिदीला जागतिक वारसा यादीत घेतले त्यामागचे एक प्रमुख कारण हेच आहे की सासानी राजवाड्यांची चार इवानांची मांडणी प्रार्थनास्थळाला इथे लागू झाली.

पश्चिमेच्या सोप्याशेजारच्या एका दालनात ओल्जाइतूचा मिहराब आहे आणि तिथे विटांचे राज्य संपून गचकामाचे, म्हणजे चुन्याच्या कोरीवकामाचे, सुरू होते. ओल्जाइतू हा इराणवर राज्य करणाऱ्या मंगोल इलखानांपैकी एक. लहानपणी त्याचा बाप्तिस्मा झाला होता, पुढे बौद्ध धर्म, मग सुन्नी इस्लाम आणि अखेर 1309-10 च्या सुमारास शिया पंथ असा त्याचा प्रवास झाला. आणि 1310 मधल्या या मिहराबावरच्या लेखांत त्या शेवटच्या वळणाची खूण आहे, कारण त्यांत शियांच्या बारा इमामांचा उल्लेख येतो. कारागीर म्हणून हैदर हे नाव कोरलेले आहे. पानाफुलांच्या वेलबुट्टीवर अक्षरे आणि अक्षरांमागे पुन्हा वेल असे दोन-तीन पातळ्यांवरचे काम आहे, आणि मोठी अक्षरे वेलीतून पोहत चालल्यासारखी दिसतात. मला स्वतःला ते थोडे अति वाटले; पण गुंबद-ए-खाकीतून नुकतेच बाहेर पडलेल्या माणसाचे मत इथे धरू नये. या दालनाला मार्गदर्शकाने पंधरा मिनिटे दिली, जी मला पुरली आणि कोरीवकामाच्या चाहत्याला मुळीच पुरणार नाहीत.

लगतची हिवाळी शबिस्तान, म्हणजे थंडीत नमाजासाठी वापरायचे दालन, मात्र चुकवू नये. तिचे दार बहुधा लावलेले असते आणि रखवालदाराला विनंती केली की तो उघडून देतो. हे ठाऊक असणारा माणूस बरोबर असणे, इतक्यासाठीही मार्गदर्शकाचे पैसे वसूल होतात. पंधराव्या शतकात, 1447-48 मध्ये, तैमुरी राजपुत्र सुलतान मुहम्मदच्या कारकिर्दीत हे दालन बांधले गेले. रुंद, बसक्या कमानी जवळजवळ जमिनीतूनच निघतात आणि पुन्हा जमिनीत जातात, त्यामुळे आपण एका लांबलचक तंबूत उभे आहोत असे वाटते. खिडक्या नाहीत. छताच्या घुमट्यांत पारभासक संगमरवरी दगडाच्या चकत्या बसवलेल्या आहेत आणि त्यांतून दुधाळ, मऊ उजेड खाली झिरपतो. रखवालदाराने आधी विजेचे दिवे लावले; मार्गदर्शकाने ते मालवायला सांगितले, आणि डोळे सरावेपर्यंत आम्ही तिघेही काही न बोलता उभे राहिलो.

तैमुरींनंतरच्या भागावरून फेरी भरभर गेली, आणि ते योग्यच झाले. 1475-76 च्या सुमारास अक कोयुनलू घराण्याच्या उझुन हसनच्या काळात दक्षिणेच्या सोप्याची डागडुजी होऊन त्यावर फरश्यांचे काम झाले. सफवींनी त्यात भर घातली. शाह अब्बासने राजधानी 1598 मध्ये इस्फहानला आणली, पण नवा चौक आणि नवी मशीद मात्र दक्षिणेला, जुन्या वस्तीपासून दूर बांधली. त्यामुळे जुन्या मशिदीवर शाही पैशाचा पूर फारसा आला नाही, आणि कदाचित म्हणूनच तिच्या विटा आज दिसतात.

सफवींवरून तो थेट विसाव्या शतकात आला. 1980 च्या दशकातल्या इराण-इराक युद्धात मशिदीच्या एका भागावर बाँब पडला आणि खांबांचे काही खण कोसळले. ते पुन्हा बांधले गेले आहेत. मार्गदर्शकाने मला तिथे उभे करून नव्या विटा कोणत्या ते ओळखायला लावले. मी चार ठिकाणी बोट ठेवले आणि तीन चुकलो. यावर त्याने काहीही भाष्य केले नाही, आणि मला वाटते सबंध सकाळीत त्याने केलेली ही सर्वांत चांगली गोष्ट होती.

आता उरलेल्या तक्रारी. चौकाच्या मधल्या हौदाच्या बांधणीचा संबंध त्याने मक्केच्या यात्रेच्या सरावाशी जोडला; ही कथा सगळेच सांगतात, आणि तिला 'कथा' म्हणून सांगितले असते तर मला चालले असते. मधेच दुपारच्या नमाजाची वेळ झाली आणि आम्हांला बाहेर पडावे लागले. ही वेळ दररोज येते हे मार्गदर्शकाला ठाऊक असणारच; तरीही त्याने ती फेरीच्या आखणीत धरली नव्हती आणि दीड तासाची ती पोकळी आपल्या ओळखीच्या गालिच्यांच्या दुकानात भरून काढली. चहा उत्तम होता, आग्रह सौम्य होता, तरी मी गालिच्यांसाठी पैसे दिलेले नव्हते. इंग्रजी त्याचे चांगले होते, पण वास्तूच्या भागांची नावे तो फारसीच सांगत असे, आणि याचा मला तोटा होण्याऐवजी फायदाच झाला; गुंबद, कमान, हौज, बाजार, खाक, उस्ताद यांपैकी एकाही शब्दाला मी अडलो नाही. हे शब्द आपल्याकडे बहमनी आणि आदिलशाही दप्तरांतून आले, आणि त्यांच्याबरोबर माणसेही आली. ज्यांना इराणला जाणे जमणार नाही त्यांनी सोलापूरहून बिदर गाठावे: मूळच्या गिलान प्रांतातल्या महमूद गवान या बहमनी वजिराने 1472 मध्ये बांधलेला मदरसा तिथे आहे. त्याचा मोठा भाग सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात उडाला, पण मधला चौक आणि त्याकडे तोंड करून असलेल्या इवानांची चौसोपी आखणी अजून वाचता येते, आणि दर्शनी भिंतीवर निळ्या इराणी फरश्या अद्याप टिकून आहेत.

पैशांविषयी: अर्ध्या दिवसाच्या मार्गदर्शनाला लागलेली रक्कम आमच्या सहलीतल्या एका रात्रीच्या जेवणापेक्षा कमी होती, तिकीट वेगळे. एवढ्या रकमेत विजेरी, खडू, उघडून मिळालेले एक बंद दालन आणि न मागता मिळालेले गालिचे आले. मी हा माणूस पुन्हा घेईन, पण दोन गोष्टी आधी ठरवून: खय्याम नको, आणि नमाजाच्या सुट्टीत दुकानाऐवजी बाजाराच्या बाजूने मशिदीची बाहेरची भिंत दाखवायची. शक्य असेल तर सकाळी दार उघडताच जावे आणि चौकात न रेंगाळता आधी उत्तर टोकाला गुंबद-ए-खाकीत शिरावे, कारण तेव्हा तिथे कोणी नसते. मग दक्षिणेचा मोठा घुमट पाहावा. आम्ही उलट क्रमाने गेलो. मोठ्या घुमटाला त्यामुळे माझ्याकडून थोडा अन्याय झाला असेल असे आता वाटते, कारण परतताना मी तिथे पुन्हा डोकावलो तेव्हा माझे लक्ष त्या जाड खांबांकडे गेले नाही, तर त्यांच्या वर, कोपऱ्यांत, तीन भागांत मोडून पाहिलेल्या त्या कमानीकडे गेले.